लव्हाळ्यावर हॅलोसल्फ्युरॉन: लॉनमध्ये चोख, फुलांच्या वाफ्यात नको

लॉन कापून दोनच दिवस झालेले असतात आणि मधेच काही पाती बाकीच्या गवतापेक्षा बोटभर वर आलेली दिसतात. रंग जरा फिका, पोपटी, आणि पातं चकचकीत. ओढलं की सहज हातात येतं, म्हणून माणूस खूश होतो. आठवड्याने त्याच जागी पुन्हा तेच, आणि आता एकाच्या जागी दोन. हा लव्हाळा. कुणी मोथा म्हणतं, शास्त्रीय नाव सायपेरस रोटुंडस. जगातल्या सर्वांत त्रासदायक तणांच्या यादीत याचं नाव पहिलं घेतलं जातं.

त्यावर सध्या सर्वांत जास्त सुचवलं जाणारं औषध म्हणजे हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल, ७५ टक्के डब्ल्यूजी, म्हणजे पाण्यात मिसळायचे बारीक दाणे. कुठे ते ‘सेम्प्रा’ या नावाने मिळतं, कुठे ‘सेजहॅमर’ म्हणून, शिवाय इतरही नावं आहेत. नाव कुठलंही असो, पुड्यावर सक्रिय घटक आणि त्याची टक्केवारी तेवढी वाचून घ्यायची. आमचं मत आधीच सांगतो: रुजलेल्या लॉनमधल्या लव्हाळ्यावर घरच्या बागेत वापरता येण्याजोगं याहून चांगलं औषध नाही. फुलांच्या वाफ्यात आणि कुंड्यांत मात्र ते वापरू नका. आणि एका फवारणीत लव्हाळा संपेल अशी अपेक्षा असेल, तर पैसे वाया गेले म्हणून समजा.

औषध वाईट निघालं अशी तक्रार करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या बागेत मुळात लव्हाळा नसतोच, म्हणून आधी ओळख. दांडा बुडाशी चिमटीत धरून अंगठा आणि तर्जनीमध्ये फिरवून बघा. गवताचा दांडा गोल असतो, गरगर फिरतो. लव्हाळ्याचा तीनधारी असतो, बोटांत अडखळतो, कडा लागतात. ब्लेडने आडवा कापला तर काप स्पष्ट त्रिकोणी दिसतो आणि आत पांढरा भरीव गर असतो. गवताचा दांडा बहुधा पोकळ आणि त्याला पेरं असतात. लव्हाळ्याच्या फुलाच्या दांड्याला पेर नाही. वरून पाहिलं की पानं तीन दिशांना गेलेली दिसतात, गवताची दोनच दिशांना. मधली शीर खोल असल्यामुळे पातं इंग्रजी व्ही अक्षरासारखं दुमडलेलं असतं. एवढं जुळलं की ते गवत नाही हे नक्की. हरळी यात कुठेच बसत नाही. तिचे धागे जमिनीलगत पळतात, पेरापेराला मुळं फुटतात, आणि हॅलोसल्फ्युरॉनने तिचं काहीही बिघडत नाही. उलट हरळीच्या लॉनमध्ये हे औषध चालतं ते त्यामुळेच.

आता लव्हाळ्यातले प्रकार. हे नीट बघा, कारण मेहनत किती पडणार ते इथे ठरतं. तुरा तांबूस-जांभळट असेल, पानाचं टोक एकदम निमुळतं होऊन थोडं बोथट वाटत असेल, आणि खणल्यावर गाठी माळेसारख्या एकामागे एक ओवलेल्या निघाल्या तर तो जांभळा लव्हाळा, म्हणजे रोटुंडस. तुरा पिवळसर, गव्हाळ; पानाचं टोक सुईसारखं लांब; आणि प्रत्येक धाग्याच्या शेवटाला एकच गुळगुळीत गोल गाठ, तर तो पिवळा लव्हाळा, सायपेरस एस्क्युलेंटस. पिवळ्याची गाठ चवीला गोडसर, जांभळ्याची कडू आणि औषधी वासाची. तिसरा एक भिडू असतो, कायलिंगा. त्याच्या दांड्यावर हिरवा गोल बोंडासारखा तुरा येतो, चुरगळला की सुगंध येतो, आणि जमिनीखाली गाठी नसतात, नुसता आडवा कोंब पळत असतो. चौथा वर्षायू लव्हाळा, सायपेरस इरिया: तंतुमय तांबूस मुळं, गाठ नाही. तो बी धरण्याआधी खुरप्याने काढला की विषय संपला, त्यासाठी औषधाची बाटली उघडायचीसुद्धा गरज नाही.

जांभळ्या लव्हाळ्याचं एक रोप बागेच्या फोर्कने हळूच, मातीसकट उचलून पाण्याच्या बादलीत धुऊन पाहावं. पानांच्या बुडाशी कांद्यासारखा छोटा फुगवटा, त्यातून निघालेला तारेसारखा धागा, बोटभर अंतरावर वाटाण्याएवढी काळपट गाठ, तिच्यावर खरखरीत केसाळ टरफल, तिथून पुन्हा धागा, पुन्हा गाठ. अशा चार-पाच गाठी एका माळेत. यातली वरची गाठ जागी असते, खालच्या झोपलेल्या. वरची जिवंत आणि जोडलेली आहे तोवर ती बाकीच्यांना दाबून ठेवते. माळ तुटली की प्रत्येक गाठ स्वतंत्र होते आणि स्वतःचा कोंब काढते. एकाच्या जागी दोन कसे आले, त्याचं उत्तर हे. कुदळीने किंवा नांगरटीच्या छोट्या यंत्राने लव्हाळ्याची जागा घोळसली, तर माळेचे तुकडे सगळ्या बागेत पेरल्यासारखे होतात.

औषधाचं कामही याच माळेवर अवलंबून आहे. हॅलोसल्फ्युरॉन पानातून आत जातं आणि रोपाने खाली पाठवलेल्या अन्नाबरोबर गाठींकडे उतरतं. तिथे ते एएलएस नावाचं एक विकर अडवतं. व्हॅलिन, ल्युसिन आणि आयसोल्युसिन ही तीन अमिनो आम्लं त्या विकराशिवाय बनत नाहीत, त्यामुळे नवी वाढ थांबते. वाढ काही तासांतच थांबते, पण डोळ्यांना काही दिसत नाही. आठवडाभराने मधलं नवं पान पिवळं पडायला लागतं, मग सगळं रोप तपकिरी होतं. पूर्ण मरायला तीन ते चार आठवडे. माणसं इथेच चुकतात. पाचव्या दिवशी पान हिरवंच दिसतं म्हणून पुन्हा फवारतात, किंवा वैतागून उपटून टाकतात. उपटलं की औषध गाठीपर्यंत पोचायचं थांबलं, आणि मेहनत मातीत गेली.

याच कारणाने वेळ महत्त्वाची. कोंब नुकता वर आला असताना अन्न खालून वर येत असतं, गाठ त्याला पोसत असते. त्या वेळी फवारलं तर पान जळतं, गाठ वाचते. रोपाला तीन ते पाच पानं पूर्ण आली की प्रवाह उलटतो. कोंब वर आल्यापासून साधारण तीन ते सहा आठवड्यांत नव्या गाठी धरायला सुरुवात होते, म्हणून पाच पानांच्या आसपास आणि तुरा येण्याच्या आधी हा मोका साधायचा. तुरा आलेल्या जुन्या रोपावर फवारणी लागू पडते, पण अर्धवट. लॉन फवारणीच्या आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस कापायचं नाही, कारण औषध घ्यायला पान हवं. जमीन भेगाळलेली, रोप कोमेजलेलं असेल तर आधी पाणी द्या, एक-दोन दिवसांनी फवारा. फवारल्यावर निदान चार तास पाऊस किंवा फवारा-सिंचन नको.

मात्रेचं गणित हा या औषधाचा सर्वांत अडचणीचा भाग आहे, आणि त्यासाठी आम्ही त्याचे गुण कापतो. ७५ टक्के दाण्यांची शिफारस एकरी ३६ ग्रॅम, १५० लिटर पाण्यात. हेक्टरी ९० ग्रॅम. शेतासाठी हे ठीक. घरच्या १०० चौरस मीटर लॉनसाठी याचा अर्थ फक्त ०.९ ग्रॅम औषध, पावणेचार लिटर पाण्यात. एक लिटर पंपासाठी ०.२४ ग्रॅम, आणि तो लिटर साधारण २६ ते २७ चौरस मीटर जागेला पुरतो. स्वयंपाकघरातला काटा इथे निरुपयोगी. सोनं तोलायचा, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा लागतो. चहाचा चमचा तर अजिबात नको: चमच्याचा नुसता कोपरा भरला तरी मात्रा कितीतरी पटींनी वाढते, आणि जास्त घातल्याने लव्हाळा लवकर मरत नाही, लॉन मात्र पिवळं पडतं.

फार लहान वजन काट्यावर नीट येत नाही. त्यापेक्षा १ ग्रॅम तोलून घ्या, झाकणाच्या बाटलीत १०० मिलिलिटर पाण्यात टाकून चांगलं हलवा, आणि गाळ बसायच्या आत त्यातलं २४ मिलिलिटर इंजेक्शनच्या सिरिंजने मोजून एका लिटरमध्ये घाला. दरवेळी घेण्याआधी बाटली पुन्हा हलवायची, कारण दाणे पूर्ण विरघळत नाहीत, तरंगत राहतात. हे मिश्रण त्याच दिवशी संपवा. या गटातली औषधं पाण्यात हळूहळू फुटतात. आठवडाभर ठेवलेल्या बाटलीवर भरवसा नाही. आणि एक लक्षात ठेवा: काही ठिकाणी ५ टक्क्यांचं, स्टिकर (थेंब पानावर पसरवून चिकटवणारा पदार्थ) आधीच मिसळलेलं छोटं पुडकं मिळतं. वर दिलेले आकडे त्याला लागू नाहीत, पुडक्यावरची मात्रा पाळा. खरं तर घरगुती बागेसाठी तेच सोयीचं, फक्त ते सगळीकडे मिळत नाही.

स्टिकरशिवाय फवारू नका. लव्हाळ्याचं पान मेणचट असतं; साधं पाणी शिंपडलं की मोत्यासारखे थेंब बनून घरंगळतात. नॉन-आयॉनिक स्टिकर लिटरला २.५ मिलिलिटर घातलं की तोच थेंब पसरून पान ओलं करतो. भांड्यांचा साबण हा पर्याय नाही. त्याचा फेस पंपात अडचण करतो आणि कडक पाण्यात साबण फाटतो. क्रम असा: पंपात अर्धं पाणी, मग औषध, हलवणं, उरलेलं पाणी, आणि स्टिकर सर्वांत शेवटी. स्टिकर आधी घातलं तर फेसाने पंप भरतो आणि पाण्याचं माप चुकतं.

पंपाला चपट्या पंख्यासारखा फवारा देणारं नोझल लावा, दाब कमी ठेवा, वारा पडलेला असताना सकाळी फवारा. कीटकनाशकाचं बारीक धुकं करणारं नोझल इथे घातक, ते धुकं शेजारच्या गुलाबावर जातं. आधी नुसतं पाणी भरून १० चौरस मीटर जागेवर चालून बघा: पावणेचारशे मिलिलिटरच्या आसपास संपायला हवं. जास्त संपलं तर पावलं जलद टाका. पान ओलं व्हावं, पण त्यावरून ओघळ जाऊ नये. हातमोजे, बूट, पूर्ण पँट, आणि औषध तोलताना चष्मा. डोळ्यात गेलं तर चुरचुरतं. फवारणी वाळेपर्यंत मुलं आणि पाळीव जनावरं लॉनवर नकोत.

लॉनला किती सुरक्षित? रुजलेल्या हरळीला, आणि घरच्या लॉनमध्ये सहसा असणाऱ्या बाकीच्या बहुतेक गवतांनाही, योग्य मात्रेत त्रास नाही. क्वचित थोडा पिवळेपणा येतो, तो जातो. नव्याने पेरलेल्या किंवा नुकत्या लावलेल्या लॉनवर मात्र थांबा, मुळं पक्की धरू द्या. फवारलेल्या जागी नवं बी टाकायचं असेल तर चार आठवडे जाऊ द्या. फवारणीनंतरच्या पहिल्या एक-दोन कापणीचं गवत भाजीच्या वाफ्यात आच्छादन म्हणून पसरू नका.

फुलांच्या वाफ्यात नको म्हटलं ते का, तेही सांगायला हवं. हे औषध लव्हाळ्याबरोबर रुंद पानाच्या कितीतरी झाडांनाही लागतं. झेंडू, शेवंती यांच्यावर फवारा उडाला तर शेंड्याची नवी पानं पिवळी, शिरा जांभळट आणि वाढ खुंटलेली अशी लक्षणं दिसतात. झाड लगेच मरत नाही, म्हणून कारण कळत नाही आणि माणूस खत टाकत बसतो. चुनखडीच्या, जास्त पीएच असलेल्या मातीत या गटातली औषधं जास्त काळ टिकतात, तिथे तर विशेष जपायला हवं. मोठ्या, मुरलेल्या झुडपांच्या बुंध्याभोवती पानांना न लागू देता फवारता येतं, तेही लेबलवर ते झुडूप असेल तरच.

पंप धुणं हा कंटाळवाणा पण टाळता न येणारा भाग. या औषधाची मात्राच इतकी कमी की नळीत राहिलेला अंशही पुढच्या फवारणीत गुलाबाला पुरेसा होतो. तीन वेळा स्वच्छ पाणी, मधल्या वेळी पाण्यात घरगुती अमोनिया थोडा घालून नळी आणि नोझलमधून सोडायचा. ते धुवण गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नका, फवारलेल्या लॉनवरच पसरवा. सर्वांत उत्तम म्हणजे तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहा.

दुकानात याऐवजी दुसरं काही हातात दिलं जातं, त्याबद्दल थोडक्यात. टू-फोर-डी: लव्हाळ्याची पानं वाकडी होतात, गाठी शाबूत. ग्लायफोसेट: गाठीपर्यंत पोचतं, पण लॉनही मारतं, आणि माळेतल्या झोपलेल्या गाठी बहुधा वाचतात; मोकळ्या, काहीच न लावलेल्या जागेसाठी विचार करता येईल, तेही लेबल आणि तिथले नियम बघून. बेंटाझोन पिवळ्या लव्हाळ्यावर बरं, जांभळ्यावर कमकुवत, शिवाय ते लागेल तिथलंच जाळतं. मीठ, व्हिनेगर, उकळतं पाणी या गोष्टी पान जाळतात, आणि मिठाने माती खराब होते ती वेगळीच.

वाफ्यात आणि कुंडीत हातानेच काढावं लागतं, आणि तिथे चार दात्यांचा बागेचा फोर्क खुरप्यापेक्षा फार सरस. खुरपं धागा कापतं, फोर्क माती सैल करून माळ अख्खी वर आणतो. बहुतेक गाठी वरच्या १५ सेंटिमीटरमध्ये असतात, पण काही खाली जातात, म्हणून रोपापासून वीतभर बाजूला फोर्क उभा घालून २५ ते ३० सेंटिमीटर खोल माती उचला आणि पाव इंच जाळीच्या चाळणीतून काढा. माती ओलसर हवी: चिखल असेल तर चाळता येत नाही, कोरडी ढेकळं असतील तर धागे तुटतात. गाठी कंपोस्टमध्ये कधीच टाकू नका. पत्र्यावर पातळ पसरून कडक उन्हात टरफल सुकून गाठ आतून कडक होईपर्यंत वाळवा. एक-दोन दिवस पुरत नाहीत. कुंडीत लव्हाळा असेल तर झाड बाहेर काढून मुळं धुवा आणि माती पूर्ण बदला. नवी कुंडी आणली की खालच्या भोकातून टोकदार पांढरा कोंब डोकावतोय का ते बघायची सवय लावा, कारण लव्हाळा बागेत बहुधा नर्सरीच्या पिशवीतून, आणलेल्या मातीतून किंवा शेणखतातून येतो.

काळं प्लॅस्टिक अंथरणाऱ्यांना एक सूचना. लव्हाळ्याचा कोंब सुईसारखा टोकदार असतो आणि पातळ काळा कागद सरळ भोसकून वर येतो. पारदर्शक कागद, मातीपासून सेंटिमीटरभर उचलून ताणलेला, उलट चांगला: उजेड मिळाल्यामुळे पान कागदाखालीच उघडतं, टोक बोथट होतं आणि ते तिथेच अडकून भाजतं. जाड पुठ्ठा आणि त्यावर चांगला थर पालापाचोळ्याचा, हेही चालतं, कारण लव्हाळ्याला सावली सोसत नाही. कडेने मात्र तो बाहेर येतोच.

परत औषधाकडे. पहिल्या फवारणीनंतर सहा ते दहा आठवड्यांत जे कोंब नव्याने येतील ते झोपलेल्या गाठींचे. त्यांनाही तीन ते पाच पानं येऊ द्या आणि दुसरी फवारणी करा, त्याच मात्रेने. वर्षात किती वेळा फवारता येतं याची मर्यादा लेबलवर असते, ती ओलांडू नका. विरळ कोंब असतील तर सगळं लॉन न फवारता तेवढ्याच ठिपक्यांवर फवारा. पुढच्या हंगामातही थोडे येतील. मधल्या काळात लॉन दाट ठेवा, फार बुटकं कापू नका, आणि पाणी साचणारा कोपरा भरून काढा, पिवळ्या लव्हाळ्याला तो विशेष आवडतो.

औषध खरंच खाली पोचलं का, हे पानावरून ठरवू नका. सहा आठवड्यांनी लॉनच्या कडेला फूटभर लांब-रुंद, १५ सेंटिमीटर खोल चौकोन काढा, माती चाळा, गाठी वेगळ्या करा. प्रत्येक गाठ नखाने किंवा चाकूने चिरा. आत पांढरा, टणक, वासाचा गर असेल तर ती जिवंत. तपकिरी, मऊ किंवा पोकळ असेल तर मेलेली. शंका असलेल्या पाच-सहा गाठी न चिरता ओल्या कागदात गुंडाळून झाकणाच्या डब्यात, उबदार जागी दोन आठवडे ठेवा. त्यातून किती कोंब आले ते मोजा आणि त्यावरून दुसरी फवारणी लागणार का ते ठरवा.